प्रत्यक्षाचा रकाना

त्या पंधरा दिवसांत आमच्या जेवायच्या टेबलावर एक कागद पसरलेला असायचा आणि ताटं त्याच्या कडेकडेनं मांडावी लागायची. आई रोज कुरकुरायची, तरी रोज त्याच्याखाली नवं वर्तमानपत्र घालायची, आणि आमटी वाढताना डाव अगदी ताटाला टेकवायची, कारण कागदावर थेंब पडलेला बाबांना खपायचा नाही. तो कागद म्हणजे माझ्या परदेशी शिक्षणाचं बॅच शीट. असलं शीट दुसऱ्या कुणाच्या बापानं केलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा मला तो कागद चुलीत घालावासा वाटायचा. आज तो माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे.

बॅच शीट म्हणजे काय ते आधी सांगते. बाबा धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. हेल्पर म्हणून लागले आणि तीस वर्षांत तिथवर चढले. रिॲक्टरमध्ये माल घातला की त्या बॅचबरोबर एक छापील कागद चालतो. त्याला दोन रकाने. पहिल्यात काय व्हायला हवं ते छापलेलंच असतं: इतक्या वाजता इतकं तापमान, इतका माल घातला तर इतका निघेल. दुसरा रकाना कोरा. ऑपरेटरनं स्वतः काट्यासमोर उभं राहून प्रत्यक्ष किती आहे ते बघायचं आणि तिथं लिहायचं. आळशी ऑपरेटर काय करतो, तर खुर्चीतून न उठता पहिल्या रकान्यातले आकडे थोडे मागेपुढे करून दुसऱ्यात उतरवतो. कागद देखणा दिसतो आणि आत माल करपत असतो. बाबांना याची भयंकर चीड. ‘मनानं भरलेला शीट’ ही त्यांच्या तोंडची सगळ्यांत मोठी शिवी होती. घरी कुणी येऊन फुशारक्या मारून गेलं, की दाराची कडी लावता लावता ते म्हणायचे, “मनानं भरलेला शीट हाय तो.”

आमचं घर रोह्यात, धाटावच्या रस्त्याला लागून. दोन खोल्या आणि एवढीशी गॅलरी. सगळं घर बाबांच्या शिफ्टवर चालायचं. फर्स्ट शिफ्ट असली की आई पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तो थपथप आवाज ऐकला की मी कूस बदलायचे, आणि मग कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न दोनदा वाजला की खरी जागी व्हायचे. डब्यात वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी. बाबांचे कपडे भिजवायला वेगळी बादली होती, कारण त्यांच्या मालाचा पिवळा रंग कशाकशाला लागायचा. त्यांचा घामही पिवळा होता. आईनं त्यांच्या उशीला मुद्दामच हळदी रंगाचे अभ्रे शिवले होते, म्हणजे डाग दिसायला नको.

मला त्या पिवळ्या बादलीपासून लांब जायचं होतं. इंजिनिअरिंग करून मी धाटावमध्येच एका लॅबमध्ये सतरा हजारांवर लागले होते, आणि रोज त्याच बसच्या मागून माझी स्कूटर जायची. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी परदेशी गेल्या होत्या, त्यांचे बर्फातले फोटो मी डबा खाताना बघत बसायचे. मग मीही अर्ज केला आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातून वर्षभराच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आईनं ते पत्र, म्हणजे मोबाईल, देवापुढे ठेवला. फी, राहणं, खाणं, विमान धरून पस्तीस लाख. पहिली रक्कम भरायला पंधरा दिवसांची मुदत.

अर्जाचं सगळं पनवेलला परदेशी प्रवेशाची एजन्सी चालवणाऱ्या एका मॅडमनी केलं होतं. आमच्या खारेपाटात, म्हणजे पेणकडच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, मोठ्या माणसाकडून काम करून घ्यायचं असलं, की तळ्यातला जिताडा मासा पोचवायची रीत आहे. जिताडा वर्षानुवर्षं तळ्यात पोसायचा आणि खास कामालाच बाहेर काढायचा. माझा दिनूमामा, आईचा धाकटा भाऊ, पेणचा. त्यानं प्रवेशाची बातमी ऐकताच चार किलोचा जिताडा काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि मॅडमच्या एसी ऑफिसात टेबलावर ठेवला. मॅडम शाकाहारी निघाल्या. एक मुलगी रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाली. मामा तो जिताडा परत घेऊन आमच्याकडे रोह्याला आला, आणि आईनं त्या संध्याकाळी चिंचेचा कोळ घालून असं काही कालवण केलं, की मामाच म्हणाला, “बरा झाला, बाई मासा खात नाय.” पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या घरात मोकळेपणानं हसणं झालं ते एवढंच.

मॅडमनी मला एक हिशेब करून दिला होता, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेला. शिक्षण झाल्यावर तीन महिन्यांत नोकरी, महिन्याला हातात दोन हजार पौंड, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर, म्हणजे वर्षाचे पंचवीस लाख, म्हणजे दीड वर्षात कर्ज साफ. मी तो कागद बाबांपुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला, दोनदा वाचला.

“ही बाय तिकडं जेवनार नाय का?” ते म्हणाले.

“कोण?”

“तू. दीड वर्षं उपाशी नि रस्त्यावर झोपलीस तरच हा हिशोब बरोबर हाय. हे सगले स्टँडर्ड आकडे. प्रत्यक्ष कुठं हाय?”

आणि त्याच दुपारी त्यांनी शिफ्टच्या रजिस्टरमधल्यासारखा मोठा कागद आणला, पट्टीनं रेघा मारल्या आणि दोन रकाने पाडले. डावीकडे मॅडमचे आकडे उतरवले: फी, भाडं, खाणं, नोकरी लागायला लागणारा वेळ, पगार, हातात उरणारी रक्कम. उजवा रकाना कोरा ठेवला. खाली एक ओळ, महिन्याचा हप्ता: अठ्ठेचाळीस हजार, दहा वर्षं. बाबांच्या हातात तेव्हा बावन्न हजार पडायचे आणि निवृत्तीला पाच वर्षं होती. हे शेवटचे दोन आकडे त्यांनी कागदावर लिहिले नव्हते. पण ते घरात सगळ्यांना पाठ होते.

एवढ्या कर्जाला बँकेला तारण हवं होतं, आणि आमच्याकडे तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, पेणला रामवाडीतलं आजोबांचं तीन खोल्यांचं घर. ते बाबा आणि त्यांची बहीण, माझी सुंदरआत्या, अशा दोघांच्या नावावर होतं. आत्या लग्नानंतर तीन वर्षांतच एकटी पडली आणि माहेरी आली. त्या घरात ती पोह्याचे पापड करून जगत होती. तिच्या घराला कायम मिरी-हिंगाचा वास, आणि अंगणात मोठमोठ्या कापडांवर पापड. आम्ही तिच्या सहीसाठी कागद घेऊन गेलो तेव्हा ती पीठ कुटत होती. बाबांनी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, कर्ज म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हप्ता चुकला तर काय. आत्यानं अर्धंही ऐकलं नाही.

“कुठं करू सई?” ती म्हणाली. “थांब, हात पिठाचे हायेत, धुवून येते.”

“वाचून तरी घे गो,” बाबा म्हणाले.

“कशाला वाचू? माजा भाव काय मना फसवनार हाय?”

ती हात धुवून, पदराला पुसून, खुर्ची ओढून बसलीसुद्धा. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे आज. पेन आनायचा विसरलो.” पेन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मला दिसत होतं, आत्यालाही दिसलं असणार. परत येताना पंधरातले माझे चार दिवस फुकट गेले होते आणि बाबा घाबरट आहेत एवढंच मला कळत होतं.

त्यांचं म्हणणं एकच, “सॅम्पल पास झाल्याबिगर पुढचा माल चढवायचा नाय.” म्हणजे काय, तर ज्यांची मुलं बाहेर गेली आहेत त्यांच्या घरी जाऊन खरे आकडे आणायचे आणि उजवा रकाना भरायचा. मला बाईकवर मागे बसवून ते घरोघर फिरले. कुठं चहा, कुठं वेफर्स, आणि सगळीकडे तेच बर्फातले फोटो. बाबा चहा संपायच्या आत विचारायचे, “महिन्याला हातात काय पडतं? भाडं किती? नोकरी कितव्या महिन्याला लागली?” समोरच्याचा चेहरा पडायचा. आपल्याकडे माणूस कुणाच्या घरी जाऊन पोराचा पगार असा विचारतो का? मी शरमेनं फरशीकडे बघायचे. उत्तर सगळीकडे सारखं. पोरगा सेट हाय. पोरगी मस्त हाय.

शेवटचं घर नागोठण्याचं. सुजित नावाचा मुलगा, तीन-साडेतीन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेलेला. त्याच्या आईनं आम्हाला पोहे दिले. भिंतीवर दोन घड्याळं होती, मध्ये सुजितचा फोटो. “ह्यो आपला,” त्या म्हणाल्या, “नि ह्यो सुजितचा. तिकडं आता सकालचे आठ. उठला असंल, ब्रेड खाऊन निघंल.” बाबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. “आमी कधी विचारला नाय हो भाऊ,” त्या हसून म्हणाल्या, “पोर सुखात हाय, बस.” सुजितचे वडील उठले आणि टेम्पोचं काहीतरी बघायला बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत. अंबा नदीच्या पुलावर बाबांनी बाईक कडेला घेतली. “चार घरं झाली. काटा कुनी वाचलाच नाय,” ते म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही लोकांच्या घरी जाऊन त्यांची इज्जत काढताय.” त्यांनी बाईकला किक मारली.

बुधवारी बाबा फर्स्ट शिफ्टवरून आले ते तडक टेबलाशी गेले. जेवले नाहीत. डबाही तसाच परत आला होता, बिरड्यासकट. डाव्या रकान्यात ‘नोकरी: तीन महिने’ असं होतं, त्याच्यासमोर उजवीकडे त्यांनी पेन्सिलनं लिहिलं, ‘१८ किंवा नाही’. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? “असंच,” ते म्हणाले. बाबांच्या तोंडून ‘असंच’ हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी आईला म्हटलं, बघ, आता हेच मनानं शीट भरायला लागले. हे वाक्य मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. आज लिहितानाही कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी दिनूमामाचा फोन आला. “हर्षू, रामवाडी नाक्यावर ये. सरप्राइज हाय.” आम्ही गेलो तर नाक्यावर चहाच्या टपरीला लागून दोन बांबूंमध्ये माझं दहा फुटी बॅनर. माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो फुगवून लावलेला, मागे विमान आणि घड्याळाचा मनोरा. ‘इंग्लंड येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल कु. हर्षदा हिचे हार्दिक अभिनंदन. पेण तालुक्याची शान.’ खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, सगळे गॉगल लावलेले, आणि मामाचा सगळ्यांत मोठा. मी खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. टपरीवाल्या काकांनी उठून हात मिळवला. मी मोबाईलवर बॅनरचे सहा फोटो काढले. बाबा मात्र बांबूपाशी उभे राहून वर बघत होते.

“माल बनला नाय दिनू,” ते म्हणाले, “नि तू ड्रमवर लेबल लावलास.”

“दाजी, आता कसला माल? पेपरात बातमी पन दिली मी.”

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सोमवारी पैसे भरायची मुदत संपत होती, आत्याची सही नव्हती, आणि नाक्यावर माझं तोंड लटकत होतं. मी बाबांना म्हटलं, “तुम्हाला काटे वाचता येतात, माणसं वाचता येत नाहीत. तीस वर्षं एका टाकीसमोर काढलीत तुम्ही. मग मीही तिथंच मरायचं का?” आई ओरडली, “थोबाड बंद कर गो!” बाबांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली, आणि मोरीत जाऊन स्वतःचे पिवळे कपडे स्वतः धुवायला बसले. आई त्यांच्या हातातली बादली ओढत होती आणि ते सोडत नव्हते. बाबांनी कपडे धुतलेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. बाबा जणू वाट बघत होते तसे उठले. दारात हेल्मेट घातलेला एक मुलगा. आत आला, बाबांनी दार लावलं, कडी घातली, तेव्हा कुठं त्यानं हेल्मेट काढलं. चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठं पाहिला ते आठवेना. मग आठवलं. दोन घड्याळांच्या मध्ये टांगलेला फोटो.

“हा सुजित,” बाबा म्हणाले. “आमच्या प्लांटला हाय, कॉन्ट्रॅक्टवर.”

ज्याची आई आम्हाला सांगत होती, की तिकडं आता सकाळचे आठ, तो आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर रोह्यातच खोली घेऊन राहत होता. परत येऊन त्याला नऊ महिने झाले होते. येता-जाता हेल्मेट, बसमध्ये तोंडाला रुमाल, कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड. बुधवारी नवीन कॉन्ट्रॅक्टच्या मुलांना गॅसचा मास्क बसवून बघायचा होता. मास्क नीट बसायला तोंड उघडं लागतं. बाबांनी त्याला रुमाल काढायला लावला, आणि ज्याचा फोटो आदल्या रविवारी नागोठण्याला पाहिला होता तोच मुलगा समोर उभा.

“काका काय बोलले नायत,” सुजित म्हणाला. “मास्कचे पट्टे आवळले फक्त. मीच बोललो, दीड वर्षात नोकरी नाय लागली म्हनून परत आलो, कुनाला सांगू नका, तर बोलले, नाय सांगनार. दुसऱ्या दिवशी विचारला, माझ्या पोरीला आकडे देशील का. मी बोललो, नाय.”

“मग आज?”

“काल पेनला गेलेलो. तुझा बॅनर बघितला.” तो थोडा हसला. “त्याच बांबूंना माझा होता. कॉलेजच्या पोरांनी लावलेला.”

आईनं त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला, हात धुतले, आणि बाबांनी घडी उलगडली. पेन्सिल बाजूला सारून सुजितनं निळं पेन घेतलं आणि उजवा रकाना वरून खाली भरत गेला. भाडं, एका खोलीत दोघं. हीटरचे पैसे वेगळे. बसचा पास. आठवड्याला वीस तास गोदामात खोकी उचलायची, त्याचे किती. पदवी मिळाल्यावर तीनशेच्या वर अर्ज, मुलाखती नऊ. प्रत्येक ठिकाणी शेवटी हाच प्रश्न, तिथं राहायच्या पुढच्या परवान्याची हमी कंपनीनं घ्यावी लागेल का? हो म्हटलं की गोड शब्दांत नकार. मग पुन्हा गोदाम, आता पूर्ण वेळ, आणि त्यातून उरेल ते इकडे हप्त्याला. परवाना संपला तेव्हा कर्ज जवळजवळ होतं तेवढंच होतं. वडिलांनी नाक्यावरचा गाळा विकला. आता त्याचे अठरा हजार आणि वडिलांचा टेम्पो मिळून हप्ता जातो.

“आई घड्याळाला नवे सेल घालते,” तो मध्येच म्हणाला. “कोन आला तर बंद दिसाया नको म्हनून.”

मी विचारलं, “मग मी जाऊ नको?”

“तसा मी बोललो का? माझ्या वर्गातला एक पोरगा मस्त लागला. आता गाडी हाय त्याच्याकडं. तो काय माझ्याहून हुशार नव्हता. पन त्याच्या डोक्यावर कर्ज नव्हता, म्हनून त्याला थांबता आला. दीड वर्ष अर्ज करत बसला. मना दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता दिसायचा.” त्यानं पेनचं टोपण लावलं. “आमच्या टायमाला असा कागद कुनी दिला नाय. मी स्वतः पन कुनाला दिला नसता.”

तो गेल्यावर बाबांनी कागद माझ्यासमोर सरकवला. ते म्हणाले, “सॅम्पल आला. आता सई तुजी. तू बोललीस जाते, तर उद्या सकाली सुंदरीची सई घेऊन येतो. परत विचारनार नाय.” आणि ते खरंच गॅलरीत जाऊन बसले.

संध्याकाळ होईपर्यंत मी त्या कागदासमोर बसून होते. मी तो उलटा सुलटा करून पाहिला. नोकरी तीन महिन्यांत लागली तर सगळं उत्तम. सहा महिन्यांत लागली तर ओढाताण, पण निभेल. अठरा महिने लागले, तर बाबांच्या बावन्नातून अठ्ठेचाळीस गेले की चार हजार उरतात. आणि ती निवृत्तीच्या आधीची गोष्ट. नंतर रामवाडीचं घर. मला हात पुसून खुर्ची ओढणारी आत्या दिसायला लागली. त्याऐवजी तिनं मला शिव्या दिल्या असत्या, नाही म्हटलं असतं, तर मी किती सुखानं भांडले असते. मी रडले, आणि ते शहाणपण सुचून रडणं नव्हतं, सगळं हातातून जातंय म्हणून रागानं रडणं होतं. गॅलरीत जाऊन मी म्हटलं, “नाही जात मी. मला भीती वाटते.”

“भीती पन रीडिंगच हाय,” ते म्हणाले. मग मी त्यांची माफी मागितली आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा वास मला नको होता म्हणून मी इंग्लंडला निघाले होते.

मी बरोबर केलं की चूक, हे मला विचारू नका. पुढे नोकऱ्या केल्या, बऱ्या केल्या. माझ्याबरोबरची एक गेली आणि तिचं सोनं झालं, तिच्याकडून फोन आला की दोन दिवस माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. न जाण्याचंही एक शीट असतं आणि त्याचा उजवा रकाना मला आजवर भरता आलेला नाही. आता भाचरं, शेजारची मुलं विचारायला येतात, जावं का? मी त्यांना जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. कोरा कागद देते, दोन रकाने पाडायला सांगते, आणि कर्जासमोर कुणाचं घर आहे ते नावानिशी लिहायला लावते. काही जण पुन्हा येत नाहीत.

राहिलं होतं बॅनर. दिनूमामा रुसला. “मी लावलाय, मी नाय उतरवनार. तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तुमी,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. बाबांची फर्स्ट शिफ्ट होती. म्हणून मी एकटीच एसटीनं पेणला गेले. आत्याला सगळं सांगितलं. तिला मी जात नसल्याचं काही वाटलं नाही. “बरा, जवल ऱ्हाशील,” म्हणाली, आणि शिडी काढून देताना वर म्हणाली, “फाडू नको गो त्याला. उलटा करून पापडांना होईल, चांगला जाड हाय.” सुजितनं त्या रविवारी जाताना सांगितलं होतं, उतरवायच्या दिवशी कळव, शिडी धरायला येतो. मी त्याला कळवलं होतं, पण तो दिवसाढवळ्या नाक्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. हेल्मेट घालूनच उभा होता.

सकाळचे दहा वाजले होते, नाक्यावर भरपूर गर्दी. मी चढले आणि पहिली सुतळी कापली. बॅनरचा एक कोपरा खाली आला, तसे मामाचे आणि आणखी चार जणांचे गॉगल दुमडले. टपरीवरची माणसं वर बघायला लागली. दुसरी सुतळी कापेपर्यंत टपरीवाले काका बाहेर आले, हातात गाळणं तसंच.

“काय गो, काय झाला?” ते मोठ्यानं म्हणाले. “रद्द झाला का? व्हिसा नाय मिलाला?”

सगळे ऐकत होते. मी रात्रीच उत्तर पाठ केलं होतं, की हिशेब जमला नाही, मीच नको म्हटलं. पण शिडीवर उभी असताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझा स्वतःचा दहा फुटी चेहरा माझ्या खांद्यावर लोंबत होता आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. कुणीतरी मागून फिसकन हसलं. काकांनी पुन्हा विचारलं, “बोल की गो!”

शिडीचा हादरा जाणवला म्हणून मी खाली पाहिलं. सुजितनं एका हातानं शिडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं तो हनुवटीखालचा पट्टा काढत होता. त्यानं हेल्मेट काढलं, शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवलं. त्याचे केस घामानं चिकटले होते. कॉलेजची तीन वर्षं त्यानं याच टपरीवर उधारीचा चहा प्यायला होता.

काकांच्या हातातलं गाळणं खाली आलं. “अरे... सुजित? तू कधी आलास?”

“झाले नऊ महिने, काका,” तो म्हणाला. तो बोलला मोठ्यानं, पार पलीकडच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “धाटावला हाय कामाला.”

काका त्याच्याकडे बघत राहिले, मग वर माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. मग आत वळले, पातेल्याखालचा गॅस मोठा केला आणि पाठमोरेच म्हणाले, “उतरवा तो आदी. नि या दोघं, चाय टाकतो.”